सोळा तारखेपर्यंत

"एक फोड तरी घे की," म्हणत अक्कानं चिकूचा डबा माझ्यापुढं सरकवला. तिचा डावा हात मशीनला जोडलेला, म्हणून डबा उजव्या हातानं आणि हनुवटीनं सांभाळणं चाललं होतं.

"तू खा. तुझा तास आहे."

डायलिसिसच्या त्या हॉलमध्ये पेशंट लोकांचं एक स्वतःचं शास्त्र होतं. एरवी केळं, चिकू, आंबा सगळं बंद. पण मशीन सुरू झाल्यावर पहिल्या तासात जे पोटात जाईल ते मशीन धुऊन काढतं. डॉक्टर त्याकडं कानाडोळा करायचे. मंगळवारी आणि शुक्रवारी अक्काच्या कापडी पिशवीत एक चादर, एक शाल आणि एक छोटा डबा असायचा. चार वर्षं हेच. माझी आई आठवड्यातून दोन फोडी फळ खाण्यासाठी कराडच्या त्या दवाखान्यात जायची, असं मी शाळेत गमतीनं सांगायचो.

त्या मंगळवारी, वीस एप्रिलला, तिनं डबा तसाच बंद केला.

"मुकुंदा, आता पुरे."

"का? गोड नाही?"

"चिकूचं नाही म्हणत. हे सगळंच पुरे. मला आता यायचं नाही इथं."

मशीन बघणारा जमीर शेजारच्या पलंगावरची नळी तपासत होता. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि नजर पुन्हा नळीवर नेली.

अक्का तेव्हा शहात्तर वर्षांची होती. प्रत्येक वेळी घरी आल्यावर पायांत गोळे येत, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठवत नसे, आणि जरा बरं वाटतंय म्हणेपर्यंत पुढची पाळी येई. हातावरची शीरही दगा देऊ लागली होती. तिचं म्हणणं ऐकून मला धक्का बसला नाही. मी तिला तोंडदेखलं "असं काय बोलतेस" म्हणालो आणि व्हीलचेअर डॉ. शहापुऱ्यांच्या खोलीत नेली.

डॉक्टरांनी मला नाही, तिलाच विचारलं. तिनं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अक्का, हा तुमचा हक्क आहे. थांबवायचं म्हटलंत तर त्रास होऊ नये म्हणून औषधं देऊ. घरीच राहायचं."

"थांबवलं तर किती दिवस?" हे मी विचारलं.

"साधारण आठ ते दहा. कुणी पाच दिवसांतही जातं, कुणी पंधरा काढतं. पण या वयात, ही तब्येत बघता, आठ ते दहा." मग ते अक्काकडं वळले. "आणि एक लक्षात ठेवा. मन बदललं तर सरळ निघून या. कधीही. लोकांचं बदलतं. आम्ही मशीन लावू, कुणी काही म्हणणार नाही."

माझ्या खिशात शाळेची डायरी होती. मी तीत लिहिलं: आठ ते दहा दिवस. डॉक्टरांचं पुढचं वाक्य लिहिलं नाही. त्यात आकडा नव्हता.

मी गणिताचा शिक्षक. पण शाळेत माझा मान गणितामुळं नव्हता, वेळापत्रकामुळं होता. चोवीस तुकड्या, बत्तीस शिक्षक, दोन प्रयोगशाळा, एक मैदान. आणि सोळा वर्षांत एकदाही एका सरांचे दोन तास एकमेकांवर आदळले नाहीत. मुख्याध्यापक आले नि गेले, वेळापत्रकाला मात्र तारळेकर सरच लागायचे. घरातही तसंच. कुणाचं बारसं असो की गॅसचा नंबर, "दादाला विचारा, तो बसवेल."

तर त्या संध्याकाळी मी बसवायला बसलो.

माझ्या मुलीचं, ऋतुजाचं लग्न सोळा मेला होतं. त्या वर्षी अधिक वैशाख आला होता, म्हणून महिनाभर मुहूर्तच नव्हते. अधिक संपला की लगेच अक्षय्य तृतीया, रविवार, सोळा तारीख. कार्यालय मिळालं होतं, पत्रिका वाटून झाल्या होत्या. अक्कानं आत्ताच थांबवलं तर, मी मांडत गेलो, तीस एप्रिलच्या आसपास. तेरावा दिवस बारा मे. लग्नाला चार दिवस मोकळे. पण ती पंधरा दिवस राहिली तर सुतकात लग्न. शिवाय माझा धाकटा भाऊ श्रीधर मस्कतला. त्याला दोनदा रजा कोण देणार? उलट लग्नापर्यंत डायलिसिस चालू ठेवून मग थांबवलं, तर चोवीस मेच्या आसपास. तेरावा पाच जूनपर्यंत. शाळा चौदाला उघडणार. श्रीधरचं एका रजेत दोन्ही होईल.

एका रजेत दोन्ही. हे मी बायकोला, शैलाला, मोठ्यानं वाचून दाखवलं. ती वांगी चिरत होती. ती विळी बाजूला ठेवून आत गेली. मला वाटलं, हिला हिशेब समजला नाही.

अक्काला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. अगदी असं नाही, जरा गोडीत. ती पलंगावर पाय सोडून बसली होती.

"किती वेळा जायचं राहिलं मग?"

"सात."

"सात म्हणजे सातच ना? नंतर अजून एक, अजून एक, असं नाही करायचं."

"सातच. चौदा तारखेला शेवटचं."

तिनं जरा विचार केला. "बरं. पोरीच्या अक्षतांवर माझं सुतक नको. सोळा तारखेपर्यंत रेटते."

मी तिचे पाय चेपले. आपण आईचा शब्द पाळतोय आणि मुलीचं कार्यही सांभाळतोय, असं वाटून मला त्या रात्री झोप छान लागली. हेही लिहून ठेवतो.

सातांतलं तिसरं वाईट गेलं. तीस एप्रिलला मशीनवरच रक्तदाब कोसळला, उलट्या झाल्या आणि हातावरची शीर गोठली. आता गळ्यापाशी नळी घालावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. अक्काचे ओठ पांढरे पडले होते. तिनं माझी बाही धरली.

"मुकुंदा, राहू दे रे आता. नाही होत."

"अक्का, चारच राहिलेत."

नववीच्या पोरांना परीक्षेआधी म्हणतो ना, शेवटची चारच गणितं आहेत, तेवढी सोडवा, तसंच म्हणालो. तोच आवाज. तिनं बाही सोडली आणि गळा पुढं केला.

आणि इथं वेळापत्रकात नसलेली गोष्ट घडली. नवी नळी चांगली बसली. हातावरच्या शिरेतून रडतखडत चालणारं मशीन आता नीट चालू लागलं. चार मेला अक्का घरी येऊन चहा प्यायली. सातला पायांची सूज उतरली. अकराला तिनं पिठल्यात मीठ कमी आहे म्हणून शैलाशी भांडण काढलं. चार वर्षांत तिला चव लागली नव्हती. घरात लग्नाची गडबड, माणसं यायला लागलेली, आणि ही पलंगावरून सगळ्यांवर हुकूम सोडतेय. मला बरं वाटलं. लग्नात चांगली दिसेल, फोटो चांगले येतील, असं वाटलं. त्यापलीकडं मी विचार केला नाही.

गुरुवारी ऋतुजाला चुडा भरायला कासारीण आली होती. अक्का शेजारी खुर्चीवर बसून बांगड्यांचे रंग ठरवत होती.

"तुझा नवरा हुशार हो," अक्का ऋतुजाला म्हणाली. "अधिक महिना संपता संपता जावई झाला. माझे तेहतीस अनारसे वाचवले त्यानं."

"वाचवले कुठले? पुढच्या अधिकात तेहतीसच्या तेहतीस वसूल करणार तो."

"पुढचा अधिक तीन वर्षांनी गं बाई. तोवर कोण बघतंय!"

"तू बघतेस. आणि अधिक राहू दे, दिवाळसणाला तर हवेतच. आईचे हसतात तळताना. तुझ्या हातचे पाहिजेत."

ऋतुजाला आमचं ठरलेलं कुणी सांगितलं नव्हतं. कासारणीनं बांगडी चढवायला हात दाबला म्हणून तिचं लक्ष तिकडं गेलं. अक्कानं समोरची एक बांगडी उचलून पुन्हा ठेवली. मग म्हणाली, "जुना तांदूळ लागतो त्याला. आतापासून बघून ठेवायला पाहिजे." मी दारात उभा राहून मंडपवाल्याशी फोनवर बोलत होतो. ऐकलं, आणि पुढं बोलत राहिलो.

शुक्रवारी, चौदाला, शेवटचं डायलिसिस झालं. जमीर तिला मशीनवरून सोडवत होता तेवढ्यात मी डॉक्टरांना भेटून आलो. घरी द्यायच्या औषधांची चिठ्ठी घेतली. डॉक्टर म्हणाले, "तब्येत बरीच सुधारलीय. त्यांना पुन्हा एकदा विचारलंत का?"

"तिचं ठरलंय, डॉक्टर," मी म्हणालो.

लग्न छान झालं. अक्का जांभळी इरकल नेसून पहिल्या रांगेत बसली होती. तिनं अक्षता टाकल्या, त्या निम्म्या श्रीधरच्या डोक्यावर पडल्या आणि ती खुदकन हसली. सगळ्यांनी तिच्या पाया पडून घेतलं. ज्यांना माहीत होतं ते जरा जास्त वेळ वाकले.

मंगळवारी, अठराला, कोल्हापूरला ऋतुजाच्या सासरी सत्यनारायणाची पूजा होती. शैला आणि श्रीधर पहाटेच्या गाडीनं गेले. मी अक्काजवळ राहिलो. घरात आम्ही दोघंच.

आठच्या सुमाराला मी चहाचे कप घेऊन बाहेरच्या खोलीत आलो. अक्का दाराशेजारच्या खुर्चीवर बसली होती. आंघोळ झालेली, केस विंचरलेले, पायांत चपला. मांडीवर कापडी पिशवी. तीत घडी केलेली चादर दिसत होती, शाल दिसत होती, आणि वर डबा.

"जाधव नाही आला अजून?"

"कुठला जाधव?"

"रिक्षावाला रे. मंगळवार ना आज?"

मला कळलं नाही, गोंधळ उडाला, असं आज सांगता आलं तर किती बरं होईल. पण मला लगेच कळलं. पिशवी बघितली तेव्हाच कळलं. डबा अर्धवट लागला होता आणि आत आंब्याच्या दोन फोडी होत्या, लग्नातल्या पेटीतल्या. शिवाय एक अख्खा आंबा कागदात गुंडाळलेला.

जाधवला मीच शनिवारी सांगितलं होतं, आता यायला नको. दवाखान्यातलं नाव मीच काढून घेतलं होतं. श्रीधरचं तिकीट सहा जूनचं होतं. सातारची मावशी "दोनतीन दिवसांत येऊन जाते" म्हणाली होती. सगळं बसलेलं होतं. आणि खरं सांगायचं तर मी थकलो होतो. चार वर्षं मंगळवार-शुक्रवार. मनातल्या मनात मी त्या दोन वारांचा निरोप घेऊन टाकला होता, आणि ते वार पुन्हा दारात येऊन बसले होते, चपला घालून.

एक फोन करायचा होता. जाधव पंधरा मिनिटांत आला असता.

मी कप खाली ठेवले आणि म्हणालो, "अक्का, आपलं ठरलं होतं ना?"

आवाज चढवला नाही. चिडलो नाही. कुणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, मुलगा आईशी किती मऊ बोलतोय.

तिनं माझ्याकडं बघितलं. मी तिचा थोरला मुलगा, बावन्न वर्षं ती मला ओळखत होती. तिनं काय बघायचं ते एका नजरेत बघून घेतलं. मग तिनं पिशवीकडं बघितलं.

"हो," ती म्हणाली. "ठरलं होतं खरं."

मी फोनला हात लावला नाही.

"विसरलेच बघ मी," ती म्हणाली, आणि हसली. "मंगळवार आला की पाय आपोआप चपला शोधतात. जित्याची खोड, दुसरं काय."

अक्का काही विसरणाऱ्यांतली नव्हती. आमच्या तिसऱ्या पिढीतल्या माणसांचे वाढदिवस तिला तिथीनं पाठ होते. माझी अडचण झालेली तिला दिसली आणि तिनं ती झाकली. लहानपणी मी शाळेत चड्डी ओली केली तेव्हा "माझ्याच हातून पाणी सांडलं" असं तिनं बाईंना सांगितलं होतं, अगदी त्याच चेहऱ्यानं.

तिनं वाकून चपला काढल्या. तिला वेळ लागला. मी बघत उभा राहिलो.

"डबा फ्रिजमध्ये ठेव," ती म्हणाली. "आंबा वाया जाईल."

पुढचे दिवस डॉक्टरांनी सांगितले होते तसेच गेले. आधी भूक गेली, मग झोप वाढली. औषधांमुळं त्रास फारसा झाला नाही, असं सगळे म्हणतात. गुरुवारी श्रीधर मला अंगणात घेऊन गेला. "दादा, लग्नात किती छान होती रे. एकदा परत विचारून बघू या का तिला?"

"तिला त्रास देऊ नकोस," मी म्हणालो. "तिचं ठरलंय. मी विचारलंय."

शुक्रवारी, म्हणजे डायलिसिसच्याच वारी, संध्याकाळी ती जरा जागी झाली. मी चमच्यानं पाणी पाजत होतो.

"श्रीधरची रजा कधीपर्यंत आहे रे?"

"सहा जूनपर्यंत."

तिनं ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजलं. "पुरेल," म्हणाली, आणि डोळे मिटले. त्यानंतर ती माझ्याशी बोलल्याचं मला आठवत नाही.

सोमवारी, चोवीस मेला दुपारी ती गेली. शेवटच्या डायलिसिसनंतरचा दहावा दिवस. तेरावा पाच जूनला झाला. सहाला श्रीधरला गाडीत बसवलं. एकही दिवस इकडचा तिकडं झाला नाही.

या गोष्टीला पंधरा वर्षं झाली. नात्यात, शाळेत, सगळीकडं आमच्याकडं कसं छान झालं हे सांगितलं जातं. कुणाच्या घरी म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं, डॉक्टरांनी मुदत सांगितली, की मला फोन येतो. "सर, तुम्ही आईंचं सगळं किती नीट केलंत. त्यांच्या मनासारखं. आम्हाला जरा सांगा ना." मी सांगतो. औषधं, पलंग, कुणाला कधी बोलवायचं. ऋतुजा तिच्या मुलांना सांगते, आजोबांनी पणजीचा शब्द पाळला. ती दिवाळीला अनारसे विकत आणते.

त्या वर्षी पाच जून झाल्यावर घरात डायलिसिसच्या नळ्यांचे काही संच उरले होते, आगाऊ आणून ठेवलेले. दुसऱ्या कुणाला तरी उपयोगी पडतील म्हणून मी ते घेऊन दवाखान्यात गेलो. मंगळवार होता. वार मी बघितला नव्हता.

जमीर बाहेर आला. त्यानं संच घेतले आणि बाकावर माझ्याशेजारी बसला.

"कसं झालं सर? लई त्रास?"

"नाही. शांतपणे गेली."

"डॉक्टरांनी सांगितलं मला नंतर. पण सर, त्या मंगळवारी मी साडेदहापर्यंत खिडकीचं मशीन अडवून धरलं होतं."

"का?"

"अक्काच म्हणाल्या होत्या की. शुक्रवारी, तुम्ही डॉक्टरांकडं गेलता तेव्हा. म्हणाल्या, 'जमीर, मंगळवारी येते हां मी. मुकुंदाला अजून सांगितलं नाही, लग्नाच्या धांदलीत आहे पोरगा. खिडकीजवळचं मशीन ठेव, तुला लग्नातला आंबा आणते.'" त्यानं हातातल्या संचावरची धूळ अंगठ्यानं पुसली. "म्हटलं, बरं झालं, मन बदललं. बदलतं सर, लोकांचं. मग आल्याच न्हाईत. काय झालं?"

आत खिडकीजवळच्या मशीनवर एक बाई होती. तिच्या मांडीवर डबा होता.

"ऐनवेळी तिनंच नको म्हटलं," मी म्हणालो.